श्रीसंत सावता महाराज : मळ्यातील वारकरी

आषाढी एकादशीची गर्दी ओसरते, पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो, दिंड्या आपापल्या गावी परततात, आणि मग वद्य चतुर्दशीला श्रीसंत सावता महाराजांची पुण्यतिथी येते. वारीहून आलेल्या मंडळींच्या पायांचे फोड अजून बरे झालेले नसतात. अशा वेळी ज्या संताचे स्मरण करायचे, तो संत परंपरा सांगते त्याप्रमाणे पंढरीच्या वारीला कधी गेलाच नाही. जो वारीला गेला नाही त्याला वारकरी कसे म्हणावे, असा प्रश्न नवखा श्रोता कीर्तनानंतर हटकून विचारतो. त्याचे उत्तर आम्ही वर्षानुवर्षे देत आलो; पण ते उत्तर आम्हांस स्वतःला कळले ते फार उशिरा, आणि कळले तेही मेथीच्या एका वाफ्यात. तो प्रसंग ओघात येईलच. आधी महाराजांचे चरित्र पाहू.

सावता महाराजांचा जन्म शके ११७२, म्हणजे इसवी सन १२५० चा. देवगिरीवर त्या वेळी यादवांचे राज्य होते. कृष्णदेवाच्या कारकीर्दीत ते जन्मले, महादेवरावाच्या काळात वाढले आणि रामदेवरावाच्या काळात त्यांनी देह ठेवला. आमच्या शिरोळ तालुक्यातील खिद्रापूरचे कोपेश्वराचे देऊळ त्यांच्या जन्माच्या आधीच उभे राहिले होते. यावरून त्या काळाचे ऐश्वर्य ध्यानात यावे. राजे देवळे उभारीत होते, पंडित ग्रंथ रचीत होते, आणि व्रते, दाने, प्रायश्चित्ते यांचा पसारा इतका वाढला होता, की गरीब कुणब्या-माळ्याला देवाच्या दारापर्यंत पोचण्याची वाटच सापडू नये. नामदेवराय सावतोबांहून वीस वर्षांनी धाकटे. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. तेव्हा सावतोबा चाळिशीचे होते. ज्या पिढीने मराठी माणसाला आपल्या भाषेत देव दिला, त्या पिढीतले हे वडीलधारे माळीबुवा.

त्यांचे गाव अरण. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात, मोडनिंबजवळ हे गाव आहे. परंपरा सांगते, की त्यांचे घराणे मूळचे औसे गावचे. हे गाव पुढे मिरज संस्थानात मोडत असे. आजोबा दैवू माळी तेथून अरणला येऊन राहिले. मिरज म्हणजे आम्हां शिरोळकरांचे शेजारघर. कृष्णा ओलांडली की मिरजेची हद्द. तेव्हा सावतोबा आमच्या बाजूचे, असे म्हणण्याचा मोह आम्ही अनेकदा कीर्तनात आवरलेला नाही. श्रोते हसतात, टाळी पडते. संतांना गाव नसते हे खरे. पण माणसाला आपलेपणा लागतो, हेही तितकेच खरे.

दैवू माळी पंढरीचे वारकरी होते. त्यांचे चिरंजीव पुरसोबा, आणि पुरसोबा व नांगिताबाई यांचे पोटी सावतोबा. घरी मळा, दारी विहीर, मुखी विठ्ठलाचे नाम, असे ते घर. शेजारच्या भेंड गावच्या जनाबाईशी त्यांचे लग्न झाले. विठ्ठल नावाचा मुलगा आणि नागाताई नावाची मुलगी, एवढा त्यांचा संसार. मठ नाही, शिष्यशाखा नाही, राजाश्रय नाही. ते बोलत आणि काशिबा गुरव लिहून घेत, असे सांगतात. आज त्यांचे ३७ अभंग उपलब्ध आहेत. पंचेचाळीस वर्षांचे आयुष्य आणि ३७ अभंग! पण एवढ्या भांडवलावर साडेसातशे वर्षे महाराष्ट्र जगतो आहे.

माळी काम म्हणजे काय, हे आता मोटर सुरू करून पाणी देणाऱ्या पिढीला सांगावे लागते. पहाटे बैल जुंपायचे, मोट हाणायची, थारोळ्यात पडलेले पाणी पाटाने वाफ्यापर्यंत न्यायचे, एक वाफा भरला की बारे मोडून दुसऱ्यात वळवायचे. पाणी जास्त झाले तर मुळे कुजतात, कमी झाले तर रोप माना टाकते. पालेभाजी महिन्याभरात हाती येते, मुळा दीड महिना घेतो, कांद्याचे आधी रोप टाकायचे, ते सहा-आठ आठवड्यांनी उपटून पुन्हा लावायचे, आणि मग महिनोन्‌महिने त्याची राखण. धान्याचा शेतकरी पेरणी आणि काढणी यांच्या मध्ये चार दिवस पंढरीला जाऊन येऊ शकतो. भाजीवाल्या माळ्याला ती सोय नाही. त्याचे पीक रोज तोंड उघडून बसलेले असते, आणि आषाढात तर तण पिकाच्या पुढे धावत असते. सावतोबा वारीला का गेले नाहीत, याचे पहिले उत्तर इतके साधे आहे. मळा सोडून जाणे म्हणजे अंगावर घेतलेले काम सोडून जाणे होते.

परंतु एवढेच असते तर ते एक चांगले माळी ठरले असते. संत ठरले नसते. त्यांनी काय केले? जे काम त्यांना पंढरीपासून अडवीत होते, त्या कामातच त्यांनी पंढरी आणून वसविली. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध अभंग प्रत्येक वारकऱ्याला पाठ आहे, म्हणून तो येथे लिहीत नाही. मळ्यातील साध्या भाज्यांची नावे घेत घेत ते म्हणून जातात, की ही सारी आमची विठाईच आहे. आणि पाणी उपसण्याच्या साधनांतही त्यांना पंढरपूरच दिसते. वेदान्ती ज्याला सर्वात्मभाव म्हणतात तो हाच. आम्ही पाठशाळेत त्याच्या व्याख्या घोकल्या. सावतोबांनी तो हाताने लावला, पाणी घालून वाढविला आणि बाजारात नेऊन लोकांच्या पोटात घातला.

दुसऱ्या एका अभंगात ते देवाचे आभार मानतात, की उंच कुळात जन्माला घातले नाहीस हे बरे केलेस. नाहीतर कर्माच्या आणि आचाराच्या जंजाळात सापडलो असतो. हा अभंग आम्ही तरुणपणी कीर्तनाला घेत नसू. अमरकोश आणि कौमुदी पाठ केल्याचा ताठा तेव्हा मानेत होता. आज तो अभंग आवर्जून घेतो, आणि घेताना आमचा आवाज किंचित खाली येतो, हे जाणत्या श्रोत्यांच्या ध्यानात येत असेल.

जनाबाईंची एक गोष्ट चरित्रात येते. एकदा त्यांच्या माहेरची मंडळी घरी आली. सावतोबा नामस्मरणात दंग. पाहुण्यांकडे त्यांचे लक्षच गेले नाही. जनाबाईंना अपमान वाटला आणि त्या रागाने बोलल्या. सावतोबांनी राग धरला नाही. प्रपंचात राहूनच परमार्थ साधायचा असतो, घरदार सोडून देव मिळत नाही, अशा अर्थाचा उपदेश त्यांनी शांतपणे केला आणि जनाबाईंचे मन निवले. ही गोष्ट सांगताना कीर्तनकार बहुधा जनाबाईंच्या रागाची नक्कल करतो आणि हशा पिकवितो. आम्हीही पुष्कळदा पिकविला आहे. त्याचा पश्चात्ताप पुढे सांगणार आहोत.

आता कूर्मदासांची कथा. महिपतीबुवा ताहराबादकरांनी शके १६८४ मध्ये, म्हणजे १७६२ साली, भक्तविजय पूर्ण केला, तेव्हापासून ही कथा घरोघरी पोचली. पैठणचे कूर्मदास हातापायांनी अधू. सरपटत पंढरीला निघाले. लऊळपर्यंत आले, एकादशी तोंडावर आली, आणि पुढे जाणे अशक्य झाले. त्यांनी जाणाऱ्या वारकऱ्यांबरोबर देवाला निरोप धाडला, की मी येऊ शकत नाही, तूच ये. देव ज्ञानदेव-नामदेवांना बरोबर घेऊन निघाला. वाटेत अरण लागले. देवाला सावत्याच्या भेटीची ओढ लागली. दोघांना मागे ठेवून तो एकटाच मळ्यात शिरला आणि म्हणाला, की माझ्या मागे चोर लागले आहेत, मला कुठे तरी लपव. सावतोबांनी इकडेतिकडे पाहिले. मळ्यात देव लपेल अशी जागा कोणती? त्यांनी हातातल्या खुरप्याने आपले पोट चिरले, देवाला आत बसविले आणि वरून उपरणे बांधून पुन्हा कामाला लागले. नामदेवराय देवाला शोधीत रडत रडत मळ्यात आले. शेवटी देवाच्या पीतांबराचे टोक दिसले, आणि मग साऱ्यांची भेट झाली. पुढे सगळे मिळून कूर्मदासाकडे लऊळला गेले.

या कथेवर शहाणीसुरती माणसे हसतात. हसोत बापडी. आम्ही कथेचा शब्द धरून भांडणार नाही आणि कथा सोडणारही नाही. एकच गोष्ट पाहावी. देवाला लपवायला सावतोबांनी शस्त्र घेतले नाही, पूजेचे उपकरण घेतले नाही. रोज ज्याने तण काढायचे तेच खुरपे त्यांनी स्वतःवर चालविले. याचा अर्थ काय, हे आम्ही पस्तीस वर्षे कीर्तनात सांगत होतो; आणि इतक्या वर्षांत खुरपे एकदाही हातात धरले नव्हते.

ते कसे हाती आले, ते आता सांगतो. २०१९ साली आषाढ वद्य चतुर्दशीचे कीर्तन आम्ही गावातच केले. त्यानंतर आठवड्याच्या आत कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. शिरोळ तालुक्याने त्या ऑगस्टमध्ये काय सोसले, ते येथील माणसाला सांगायला नको. आमच्या परड्यात पुरुषभर पाणी उभे राहिले. ओसरले तेव्हा वीतभर गाळ मागे होता. आमच्या सौभाग्यवतींनी तीस-पस्तीस वर्षे त्या परड्यात भाजी केली होती. मेथी, मुळा, चाकवत, कांदा, दोन वेल दोडक्याचे. त्या जागी नुसता काळा चिखल. त्यांनी पाणी आटायची वाट पाहिली, वाफसा आल्यावर माती परतली, शेणखत घातले आणि पुन्हा वाफे बांधले. आम्ही त्या दिवसांत पूरग्रस्तांसाठी कीर्तने करीत गावोगाव फिरत होतो.

मग २०२० साल आले. कोरोनामुळे वारी बंद झाली. संतांच्या पादुका एस. टी. गाडीने पंढरीला गेल्या, आणि १ जुलैची आषाढी आम्ही शिरोळात घरी बसून केली. तीस वर्षांची आमची पायी वारी त्या वर्षी चुकली. सांगायला संकोच वाटतो, पण त्या दिवसांत आम्ही चिडचिड फार केली. हरिपाठ होई, पण मन लागेना. देव आपल्यावर रुसला, की आपणच काही चुकलो, असे वाटत राही. एका सकाळी सौभाग्यवतींनी आमच्या हाती खुरपे दिले आणि सांगितले, की गुडघे दुखत असतील तर पाटावर बसा, पण मेथीची भांगलण आज झाली पाहिजे.

आम्ही वाफ्यापाशी बसलो आणि पाहतो तो सारे हिरवे एकसारखे. मेथीलाही तीन पाने आणि तणालाही तीन पाने. आम्ही आत्मविश्वासाने उपटायला लागलो. अर्ध्या घटकेने त्या बघायला आल्या, तेव्हा वाफ्याच्या एका कोपऱ्यात मेथी उपटून बाजूला पडली होती आणि तण ऐटीत उभे होते. त्या रागावल्या नाहीत. तणाचे एक पान खुडून आमच्या हाती दिले आणि चाखायला लावले. आंबट! ती आंबुशी होती. कोणी तिला आंबुटी म्हणतात. मेथीचे पान लांबट, कडेला बारीक दातांचे, चुरडले की मेथीचा वास. आंबुशीची तिन्ही पाने टोकाला खाच असलेली, बदामाच्या आकाराची. चव आंबट, फूल पिवळे.

त्या क्षणी आम्हांस काय वाटले ते लिहितो. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात आंबुशीची नावे आहेत. चांगेरी, अम्ललोणिका आणि आणखीही. ती आम्हांस वयाच्या बाराव्या वर्षापासून तोंडपाठ. आयुर्वेदातले चांगेरीघृतही ऐकून ठाऊक. पण ती चांगेरी आपल्याच परड्यात, आपल्या घरच्या माणसाच्या हाताखाली रोज उगवते, हे साठ वर्षे ओलांडेपर्यंत ठाऊक नव्हते. नाव पाठ, आणि ओळख नाही! देवाच्या बाबतीत आपले असेच तर झाले नसेल ना, असा प्रश्न मनात आला आणि त्या वाफ्यात आमच्या डोळ्यांत पाणी आले.

त्या पावसाळ्यात आम्ही त्यांच्याजवळ भांगलण शिकलो. ज्या वाचकांच्या घरी परडे आहे त्यांच्या उपयोगाचे म्हणून चार गोष्टी लिहितो. आंबुशीची शेंग भेंडीच्या चिमुकल्या बाळासारखी असते. ती पिकली की हात लागताच फुटते आणि बी लांब उडते. म्हणून शेंग धरण्यापूर्वीच तण काढावे. जमीन वाफशावर असताना खुरपे मुळाखाली घालावे, म्हणजे मूळ अखंड येते. ती जमिनीलगत सरपटते आणि पेऱ्यापेऱ्याला मुळे सोडते. काढलेले तुकडे ओल्या वाफ्यात टाकले तर पुन्हा जीव धरतात. ते गोळा करून उन्हात वाळवावेत. पुराच्या गाळाबरोबर आमच्याकडे तिची दुसरी जातही आली, गुलाबी फुलांची. ही मूळची अमेरिकेकडची. हिच्या बुडाशी लहान लहान कांद्या असतात. पान धरून ओढले तर पान हाती येते आणि कांद्या आत राहतात. कुदळीने माती उलटीपालटी केली तर त्या वाफाभर पसरतात. हिला मातीच्या ढेकळासकट उचलावे, माती चाळावी, कांद्या वेचाव्यात, आणि त्या उकिरड्यात मुळीच टाकू नयेत. रिकाम्या जागेवर उसाच्या पाचटाचा जाड थर घातला, की उजेड न मिळाल्याने हिचा जोर कमी होतो. एका भांगलणीने हे तण जात नाही. चार वेळा पाने काढली की खालचा कांदा दमतो.

कार्तिकात मेथी पुन्हा पेरली, तेव्हा तिसरे तण आले. ही रानमेथी. हिला तर मेथीची सख्खी चुलत बहीणच म्हणावे. पाने तशीच, उभे राहणे तसेच. फूल आले की फरक कळतो. मेथीचे फूल पांढुरके, पानाच्या बेचक्यात एखाद-दुसरे, आणि रानमेथीच्या काडीला बारीक पिवळ्या फुलांचा तुरा. पण फुलापर्यंत थांबले तर बी पडते, आणि त्या कठीण कवचाचे बी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. म्हणून पेरायचे बी आधी चाळून निवडून घ्यावे आणि वाफ्यात पान चुरडून वासाने ओळखावे. तणनाशक औषध येथे चालत नाही, कारण जे रानमेथीला मारील ते मेथीलाही मारील. दोघी एका कुळातल्या. हाताने निवडण्याखेरीज इलाज नाही.

या तणांची निंदा मात्र करवत नाही. रानमेथीच्या मुळाला बारीक गाठी असतात. त्यांतले सूक्ष्म जीव हवेतला नत्र धरून मातीला देतात. हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८८ साली हे सिद्ध केले. फुलण्यापूर्वी काढून मातीत गाडली तर तीच रानमेथी खत होते. आंबुशीची चटणी होते, डाळीत घातली तर चिंच लागत नाही. मात्र मूतखड्याचा त्रास असणाऱ्याने ती टाळावी. आणि रात्री आंबुशी आपली पाने मिटून घेते. कंदिलाच्या उजेडात आम्ही ते पाहिले. जणू वाफाभर कोणी हात जोडून उभे आहे. सावतोबांनी भाजीत विठाई पाहिली. तणातही ती त्यांना दिसलीच असेल. तरी त्यांनी तण काढले. ज्याची जागा नाही त्याला दूर करायचे, पण त्याचा द्वेष करायचा नाही, हे खुरप्याचे तत्त्व आहे.

खुरप्याने पोट चिरण्याच्या कथेचा अर्थ आम्हांस येथे उमगला. गाजरगवत ओळखायला शहाणपण लागत नाही. चोरी, मद्य, परनिंदा ही मनातली गाजरगवते. ती कोणालाही दिसतात. कठीण असते ते पिकासारखे दिसणारे तण. भक्तीच्या वाफ्यात भक्तीच्याच रूपाने उगवणारा अहंकार. तीस वर्षे वारी केली, हा हिशेब आमच्या मनात होता. तो हिशेब हुबेहूब भक्तीसारखा दिसत होता. वारी चुकली तेव्हा आम्ही रडलो ते पांडुरंगाच्या विरहाने थोडे, आणि आकडा मोडला म्हणून फार. हे तण बाहेरच्या कोणत्या औषधाने मरत नाही. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पोटात खुरपे घालून काढावे लागते. तेव्हा कुठे देवाला आत बसायला जागा होते.

आणि जनाबाई? आम्ही वारीला जात होतो ती सारी वर्षे परड्यातली मेथी कोण भांगलत होते? म्हाताऱ्या आईला वेळेवर भाकरी कोण देत होते? पाहुणा आला तर त्याच्या ताटात भाजी कोठून येत होती? आम्ही कीर्तनात जनाबाईंच्या रागावर हशा घेतला, आणि घरची जनाबाई एका शब्दाने रागावली नाही. सावतोबांना मळा पंढरी झाला. आमच्या सौभाग्यवतींना परडे पंढरी झाले होते, फक्त त्यांनी तो अभंग कोणाला लिहून दिला नाही. त्या दिवसापासून जनाबाईंच्या रागाची नक्कल आम्ही सोडली. २०२२ साली वारी पुन्हा सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी त्यांना दिंडीबरोबर पाठविले आणि परड्याची भांगलण आम्ही केली. त्या परत आल्या, वाफे पाहिले, आणि दोन ठिकाणी राहिलेली आंबुशी काही न बोलता उपटून टाकली.

येथे एक सावधगिरीचा शब्द. सावता महाराज वारीला गेले नाहीत, मग आम्ही तरी का जावे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे, की महाराजांनी वारी टाळली नाही. त्यांची वारी पहाटेच्या मोटेपासून रात्रीच्या राखणीपर्यंत अखंड चालू होती, आणि एक नाम सुटले नाही. ज्याला तेवढे जमते त्याने खुशाल घरी राहावे. ज्याला जमत नाही त्याने पंढरीची वाट धरावी; ती वाट आपल्यासारख्यांसाठीच आहे. योग, याग, तीर्थे, व्रते यांच्यावाचून नामाने देव भेटतो असे महाराज सांगतात. आळसाने भेटतो असे सांगत नाहीत.

आणखी एक गोष्ट आमच्या भागातील शेतकरी वाचकांसाठी. मोटेचे पाणी मोजून येई, म्हणून जमीन राहिली. आपण उसाला अमर्याद पाणी दिले, आणि शिरोळ तालुक्यातील हजारो एकर जमीन क्षारपड होऊन बसली. आता जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून ते क्षार काढावे लागत आहेत. जी माती विठाई आहे असे तोंडाने म्हणायचे, तिला पाण्यात बुडवून मारायचे, हे सावतोबांच्या अभंगाशी जुळत नाही.

शके १२१७ च्या आषाढ वद्य चतुर्दशीला, म्हणजे १२९५ साली, सावता महाराजांनी अरण येथे देह ठेवला. पुढच्याच वर्षी ज्ञानोबारायांनी आळंदीस समाधी घेतली, आणि त्याच १२९६ साली अल्लाउद्दीनाची स्वारी देवगिरीवर आली. यादवांचे वैभव पुढे लयाला गेले. माळ्याचा मळा राहिला. जेथे ते राबले त्या मळ्याच्या जागी आज त्यांचे समाधिमंदिर आहे. लहानपणी मिरजेहून बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने वडिलांबरोबर पंढरीला आणि तेथून पुढे मोडनिंबला उतरून आम्ही अरणला प्रथम गेलो. ती अरुंद लोहवाट आता रुंद झाली आहे, गाडी वेगाने जाते; पण मळ्याच्या बाजूने येणारा ओल्या मातीचा वास मात्र तोच आहे.

इतर संतांच्या पालख्या आषाढीला पंढरपुरास जातात. सावता महाराजांची जात नाही. उलट पंढरपुराहून विठ्ठलाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला येते. उत्सवात श्रीफळांची हंडी बांधतात, काला होतो, आणि सावतोबांच्या मळ्यात विठ्ठलाचा मुक्काम होतो. जो आपले काम सोडून देवाकडे जाऊ शकला नाही, त्याच्याकडे देव आपले राउळ सोडून आला. ज्यांना वृद्धत्वामुळे, आजारपणामुळे, घरच्या माणसाच्या शुश्रूषेमुळे यंदा वारी घडली नाही, आणि ज्या मायबहिणींना ती कधीच घडली नाही, त्यांनी खंत करू नये. हातातले काम नीट करावे, मुखी नाम धरावे, आणि आपल्या वाफ्यातले तण वेळेवर काढावे. देवाला अरणचा रस्ता ठाऊक आहे, तसा तुमच्या परड्याचाही ठाऊक असेल.

श्रीसावतोबांच्या चरणी ही अल्प सेवा रुजू होवो. रामकृष्णहरि.